मागची खोली टाचणीला

मी, जिल्हा कारागृहातून निवृत्त झालेला शिपाई, विधुर, हे माझ्या राहत्या घरी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलीचा विरोध आहे, त्याला दबाव समजू नये.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. तिने आईचे शेवटपर्यंत केले, आता माझे करते आहे. आईचे शिवणयंत्र विकू नये. तेल दिले की चालते.

२. घराची मागची खोली मात्र, कारागृहात ज्याला टाचणी म्हणतात त्या कैद्याला, सुटून आल्यावर हयातभर राहायला द्यावी. माझी सुतारकामाची पेटीही त्याचीच.

यावर मुलगी म्हणाली, "बाबा, घरफोड्याला घरात घेताय? मग किल्लीही देऊन टाका!"

द्यावी. न दिली तरी तो आत येऊ शकतो. दिली तर निदान दारातून येईल.

ती चिडते याचे कारण मला माहीत आहे. तिचा भाऊ, माझा मुलगा, मारामारीच्या खटल्यात आत असताना दम्याने गेला. कोणाला बरे नसले की शिपायाला बोलवायला कैदी गजांवर ताट वाजवतात. टाचणी त्याच्याच कोठडीत होता आणि त्याने ताट वाजवले नाही. सगळे म्हणतात, शेजारी माणूस मरत होता आणि हा गप्प बसला.

नात्यातला कैदी असेल त्या बराकीवर शिपायाला ड्यूटी देत नाहीत. मला लगेच हलवले. माझे मेहुणेही तिथेच शिपाई होते, पण ते मुलाचे मामा आहेत हे आम्ही कोणीच कळवले नाही. "माझा भाऊ आहे तिथे, मला घोर नाही," असे मुलाची आई म्हणायची.

दुपारी जेवणानंतर बराकी बंद असतात. त्या दिवशी मेहुण्यांचा पहारा होता, तेव्हा मुलाला धाप लागली. पुढचे मला टाचणीने गजांपलीकडून सांगितले, ते जसेच्या तसे लिहितो.

"साहेब, मी ताट उचललं होतं. त्यानंच माझा हात धरला. म्हणाला, ठेव ते. ताट बडवणाऱ्याकडे मामा मुद्दाम सगळ्यात शेवटी जातो. साधी हाक मार. मी हाका मारत राहिलो."

हे वाक्य मेहुण्यांचे. आमच्याकडे जेवायला आले की ते सांगायचे, "ताट बडवलं की समजायचं, नाटक आहे. बडव म्हणावं, आम्ही शेवटी येणार!" मुले हसायची. माझा मुलगा जास्त हसायचा.

हाका व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचल्या नाहीत. चौकशीत टाचणीने मामाचे नाते सांगितले नाही. सांगितले असते तर आम्हा दोघांची नोकरी गेली असती. त्याने बोल स्वतःवर घेतला.

३. त्या खोलीच्या दाराला मी आतून कडी बसवली आहे. ती काढू नये. दार आपल्या हाताने लावायची त्याची सवय गेली असेल.

४. मुलाच्या सामानाबरोबर त्याचे ताट परत आले. त्याला कुठे पोचा नाही. ते त्याच खोलीत ठेवावे. कधी त्यातून आवाज आला, तर मुलीने हातातले काम टाकून जावे.

५. मेहुण्यांना मी काही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार तेच हवे आहेत. सही करण्यापूर्वी त्यांनी हे सगळे वाचावे एवढीच अट आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सहीखाली

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे डॉक्टर: (सही) माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरे, मेहुणे, निवृत्त शिपाई: (सही) वाचले. ताट मी धुऊन जागेवर ठेवले आहे.