शहाण्णव गुण

रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळचे सहा चाळीस.
गाडी आत्ताच दारात लावली, चार्जिंगची वायर जोडली आणि चालकाच्या शेजारच्या सीटवर बसून लिहितोय.

प्रिय दादा,

तुझ्या फोनवर एव्हाना सूचना आल्या असतील. आजच्या फेरीत बाबांना शहाण्णवच्या जागी एकाहत्तर गुण पडलेत. ग्रुपवर काही टाकू नकोस आणि बाबांना फोनही करू नकोस. आधी हे वाच. पानांचे फोटो काढून फक्त तुला पाठवतोय. फोनवर बोललो असतो, पण आपल्या घरात एका खोलीत शिंकलं तर दुसऱ्या खोलीतून कोणीतरी काळजी करतं, आणि तसंही फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शेजारच्या सीटवर अशासाठी बसलोय की चालकाच्या सीटवर बसलं की ही जागी होते आणि आरशाखालचा तो काळा डोळा आपल्याकडे बघायला लागतो. मला आत्ता कोणी बघायला नकोय.

तू गाडी पाठवलीस तो दिवस मी विसरलेलो नाही, एवढं आधी लिहितो. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि चारही चाकांना टाचेने ठोकून पाहिलं, बस काढण्याआधी ठोकायचे तसं. आई म्हणाली, "अहो, नवी आहे ती!" तर म्हणाले, "नवी असली तरी चाक ते चाकच." निवृत्तीनंतर दोन वर्षं त्यांचे हात नुसते मांडीवर पडून असायचे. गाडी आली आणि माणूस पुन्हा पहाटे उठून दाढी करायला लागला. रोज सकाळी डेपोच्या रस्त्याने एक फेरी. समोरून बस आली की यांचा हात वर, तिकडच्या ड्रायव्हरचाही हात वर. बसवाल्यांचा जुना रिवाज तो, तुलाही माहीत आहे. लहानपणी आपण बोनेटशेजारच्या सीटवर बसून किती हात झाले ते मोजायचो. बाबा म्हणायचे, हात करायचा म्हणजे समोरच्याला सांगायचं, मी तुला पाहिलंय. मालकीची गाडी चालवतानाही त्यांनी ते सोडलं नाही, आणि डेपोतली नवी पोरंसुद्धा त्यांना ओळखायला लागली.

मग जानेवारीतलं अपडेट आलं. तू तिकडून 'आता करा' दाबलंस आणि ग्रुपवर लिहिलंस, "बाबा, उद्यापासून गाडी तुमची काळजी घेणार." दुसऱ्या दिवसापासून ती बोलायला लागली. आधी फक्त स्टिअरिंगवर हात आहेत का ते पाहायची, आता डोळे पाहायला लागली. पहिल्याच वळणावर म्हणाली, कृपया रस्त्याकडे लक्ष द्या. बाबा म्हणाले, "देतोय की बाई, तू दे." पुढच्या वळणावर म्हणाली, तुम्ही थकलेले दिसता. समोरून बस आली, बाबांनी हात वर केला, तर स्टिअरिंग थरथरलं आणि लाल अक्षरं उमटली. तेव्हा आम्ही दोघं हसलो. घरी येऊन बाबांनी तिची नक्कल आईला करून दाखवली. तिसऱ्या दिवशी मात्र तिने त्यांना झोपलेले ठरवलं आणि आपोआप वेग कमी करत, चारही दिवे उघडझाप करत, भर बाजारात कडेला नेऊन उभी केली. भाजीवाला धावत आला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी झालं.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. बाबांच्या चेहऱ्यावरून वारं गेलं होतं, हे तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले होते बरं होईल आणि झालंही, पण उजवी पापणी उठली नाही. ती अर्ध्यावर लोंबते, दादा. नजर शाबूत आहे. तपासणीत पाटीवरची शेवटची ओळ त्यांनी धडाधडा वाचली होती. पण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, माणूस पेंगतोय. आणि तू पाहिलं नाहीस, कारण व्हिडिओवर तुझा चेहरा दिसायच्या आधी बाबा खुर्ची फिरवून घेतात. खिडकीचा उजेड चांगला पडतो म्हणतात. तीन वर्षं तू त्यांचा डावा गालच पाहतोयस. मी सांगायला निघालो तर म्हणाले, "त्याच्या डोक्याला आणखी एक भुंगा नको. तो तिकडे, आपण इकडे." मी गप्प बसलो. या घरात गप्प बसणं सगळ्यांनाच चांगलं जमतं.

त्याच सुमारास ते गुण यायला लागले. आठवड्याचा निकाल तुझ्या फोनवर, आणि तुझ्या फोनवरून सगळ्यांच्या. "बाबा, एकसष्ट! मला शाळेत एवढे पडले असते तर तुम्ही पट्टा काढला असता." वहिनींचे हसरे चेहरे, आत्याचे हसरे चेहरे, मावसभावाचा अंगठा. तू गंमतच केलीस, मला कळतं. पण ज्या माणसाने एवढी वर्षं बस चालवली आणि कोणाला साधं खरचटूही दिलं नाही, तो त्या आठवड्यात चष्मा पुसून पुसून तो आकडा पाहत होता. मला विचारलं, "हे शंभरपैकी असतात ना?"

मग त्यांनी उपाय सुरू केले. काळा चष्मा लावून पाहिला, तर ती म्हणाली डोळे दिसत नाहीत. मान वर करून चालवून पाहिलं, तर म्हणाली लक्ष छताकडे आहे. शेवटी त्यांनी जखमेवर लावायची पारदर्शक पट्टी आणली. रोज सकाळी दाढीच्या आरशासमोर उभं राहून उजवी पापणी बोटाने वर धरायची, पट्टी भुवईपर्यंत ताणून चिकटवायची, आणि मग गाडी काढायची. माझा हात शिवणकामाचा म्हणून मला लावायला सांगायचे. दुकानात दिवसभर मी सीट कव्हरं ताणून शिवतो, सुरकुती राहू देत नाही. घरी बापाची पापणी ताणायचो. गाडीला पटलं. पण पट्टी लावलेला डोळा मिटत नाही, नुसता गळत राहतो. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने रुमाल, असं ते चालवायला लागले, आणि रुमालासाठी हात सुटला की पुन्हा गुण कमी. पापणी लोंबत होती तेव्हा त्यांना स्पष्ट दिसत होतं. गाडीच्या काळजीपायी दिसेनासं झालं.

मार्चमधला तो दिवस तुझ्या लक्षात नसेल. तुझ्यासाठी तो एक दाबलेलं बटण आहे. बाबांच्या बसवरच्या कंडक्टरकाकांची मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी काढायची होती आणि बाबा त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन निघाले. पुढचं मला काकांनी सांगितलं. बाबांनी आजतागायत एक शब्द काढलेला नाही. काका मागे बसले, सवयीने दाराच्या काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "डबल बेल! जाऊ द्या ड्रायव्हरसाहेब." दोघंही खुशीत. महामार्गाला लागले आणि गाडी पन्नासच्या वर जाईना. बाबा पाय दाबतायत, ती पन्नासच. मागून ट्रक कर्णे वाजवतायत. एका शाळेच्या बसचा ड्रायव्हर शेजारून जाताना कपाळावर हात मारून गेला. बाबांना वाटलं बिघाड झाला. कडेला घेतली आणि मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलणारी होती. म्हणाली, "काका, गाडीत काही दोष नाही. नवशिक्या मुलांसाठीची मर्यादा लावलेली आहे. ती मालकच काढू शकतात." बाबा म्हणाले, "मीच मालक." थोडा वेळ ती काहीतरी शोधत होती, आणि मग तिने तुझं नाव वाचून दाखवलं.

काका म्हणतात, त्यांना एका डोळ्याने दिसत होतं तेवढ्यात दिसलं ते पुरे झालं. बाबांनी भुवईवरची पट्टी ओढून काढली, गाडीला कुलूप लावलं आणि काकांचा हात धरून पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले. बसमध्ये काकांनी आपला निवृत्तांचा पास काढला आणि म्हणाले, "अरे, तू पण दाखव की." बाबांनी दोघांची तिकिटं काढली, जातानाची आणि येतानाचीही. म्हणाले, "पास ड्रायव्हरला असतो." संध्याकाळी मी दुकानातून जाऊन गाडी आणली, पन्नासच्या वेगाने.

तू चूक केलीस असं मला म्हणता येत नाही, आणि तेच जास्त लागतं. साठी उलटलेला बाप स्टिअरिंगवर झोपतो असं रोज फोन सांगत असेल तर कोणताही मुलगा हेच करील. मीही केलं असतं. राग मर्यादेचा नाही. राग याचा आहे की तू फोनवर विश्वास ठेवलास आणि शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या भावाला एकदाही विचारलं नाहीस, "बारक्या, खरंच झोपतात का रे?" नववीत शाळा सुटलेल्या माणसाला गाडीतलं काय कळणार, असं तुला वाटलं असेल. पण मला बापातलं कळत होतं.

त्यानंतर गुण वाढले, हे तू सगळ्यांना सांगितलंस. ऐंशी, नव्वद, शहाण्णव. "शाब्बास बाबा, शेवटी शिकलात!" बक्षीस म्हणून मर्यादा काढलीस. आता डिसेंबरात येणार आहेस तर त्याआधी गाडी स्वतःच चालण्याची ती महागडी सोय विकत घेणार म्हणतोस, म्हणजे बाबा विमानतळावर हात मांडीवर ठेवून तुला घ्यायला येतील. बाबांनी फोनवर "हो हो, घे" म्हटलं. डावा गाल हसत होता.

शहाण्णव माझे आहेत, दादा. मार्चच्या त्या दिवसापासून बाबांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उघडायचं कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "रोज तू फेरी मार, स्क्रीनवर माझं नाव ठेव. त्याला वाटू दे सुधारलो." मी सात महिने मारली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, आणि समोरून बस आली तरी हात वर नाही, कारण हात वर केला की गुण जातात. डेपोतल्या लोकांना गाडी माहीत आहे, आत कोण आहे ते काचेतून नीट दिसत नाही, वर केलेला हात तेवढा दिसतो. ते हात करत राहिले, मग हळूहळू थांबले. काल बाबा काकांबरोबर डेपोसमोर चहाला गेले, तर कोणी बाकावर सरकून जागा दिली नाही. एकजण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "स्वतःची गाडी आली की हात जड होतो लोकांचा." बाबांनी त्याला सांगितलं नाही की तो मी नव्हे. सांगितलं असतं तर गोष्ट तुझ्यापर्यंत आली असती. घरी आले आणि लायसन्स आईच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवलं. त्याची मुदत एकतीस तारखेला संपते. मी अर्ज आणून ठेवला होता, तो परत केला. म्हणाले, "कशाला? गाडी चालतेय ना." एकदा मुदत टळू दिली की ते आपणहून अर्ज करणार नाहीत, वर्ष उलटलं की या वयात पुन्हा परीक्षा द्यावी लागेल, आणि ते कोणासमोर परीक्षेला बसणार नाहीत, हे तू जाणतोस. म्हणून आज सकाळी मी समोरून आलेल्या प्रत्येक बसला हात केला. पूर्ण हात, कोपरापासून. तिने आरडाओरडा केला, स्टिअरिंग थरथरवलं, मी करत राहिलो. दोघा ड्रायव्हरांनी परत हात केला. त्याचे हे एकाहत्तर. उद्यापासून मी फेरी मारणार नाही. ती नवी सोय घेऊ नकोस. बाबांना फोन कर, गुणांचं नाव काढू नकोस, म्हण की खुर्ची फिरवा, मला उजवीकडून बघायचंय. आणि मग विचार, विमानतळावर घ्यायला याल का, स्वतः चालवत. हे एकतीसच्या आत. नंतर विचारलंस तर ते फक्त "हो हो" म्हणतील.

तुझाच,
बारक्या

ता. क. तुला प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो म्हणून देतो. गाडीचे हप्ते आणि दर महिन्याची वर्गणी: सगळी तू भरलीस, त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही. पापणीच्या पट्टीची सहा रिळं: माझ्या पगारातून, सोडून दिली. मार्चमधली बसची तिकिटं, दोन जातानाची, दोन येतानाची: बाबांनी भरली, तुझ्याकडून येणं बाकी. ॲपवरून पाठवू नकोस.