आईची टेप कोणी पुसली?

सक्करदरा, नागपूर
११ एप्रिल १९८४

तीर्थस्वरूप सिंधूताईस धाकट्या रुपरावचा साष्टांग नमस्कार.

इकडे मी सोडून सगळे खुशाल. तिकडे सावनेरले भाऊजींचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरनं काही व्यायाम सांगितला असंन तर आधी चौकशी करा. माझ्या डॉक्टरनं मले पोट कमी करायले रोज सकाळी संगीत लावून शंभर उठाबशा सांगितल्या. संगीताचा अन् पोटाचा काय संबंध? मले तर वाटते, त्याचा साळा सदर बाजारात कॅसेटी विकते. म्हणून मी बाजारचं संगीत घेतलंच नाही, आईचीच हळदीची गाणी लावली.

आता मुद्द्यावर येतो. तुझ्या लेकीच्या, शामलाच्या हळदीले तीच गाणी वाजवायची, टेप पाठव, असं तू लिहिलं. बरोबरच आहे. आई जाऊन वर्ष झालं, तिचा आवाज त्या एका कॅसेटीतच उरला. (गाणी भरली त्या दिवशी मी मशीन तिच्या तोंडाशी धरून अर्धा तास उभा होतो, आठवते ना?) पण ताई, कसं सांगू, ती टेप कोणीतरी पुसली वं! परवा मध्येच लावून पाहिली, तर गाण्याच्या जागी नुसती घरघर. मी लगेच बंद केली.

संशय पहिला तुझ्या भावजयीवर, मनकर्णावर. आईशी तिचं तिखटावरून कधी जमलं नाही. पण टेप लागली की सगळ्यात जास्त तीच रडते, म्हणून तिले सध्या सोडलं. दुसरा शेजारचा चंपतराव. हा माणूस रेडिओवर आपलं नाव ऐकायले दर आठवड्याले फर्माइशीची चार कार्डं टाकते. (गाणं कोणतं लागलं, हे त्याले विचारा, सांगता येत नाही.) रविवारी मशीन मागून नेलं अन् परत देताना हसला. काहून हसला? तिसरा कॅसेटवाला. म्हणे गाणी भरली की कॅसेटीच्या पाठीची बारकी प्लास्टिकची चिमटी तोडा, मग वरून दुसरं काही भरल्या जात नाही. मी काय दूधखुळा आहो? चांगल्या वस्तूची मोडतोड आपण करायची अन् दुसरी त्याच्याकडूनच घ्यायची!

मशीनही त्यांच्यात सामील असावं. सोमवारी एका कडव्यानंतर आवाज बारीक वाटला म्हणून काळं अन् लाल, दोन्ही बटणं सोबत दाबली. (दोन दिली आहेत तर एक बसवून काहून ठेवायचं?) तर गाणंच बंद! शेवटी मीच मोठ्यानं उठाबशांचे आकडे म्हटले. एकोणीसले खाटेवर पडलो, मशीन मागून मनकर्णानं बंद केलं.

चोर सापडेपर्यंत टेप पाठवू शकत नाही. मोठ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, चंपतरावले काहीच नाही.

तुझा,
रुपराव

ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी मनकर्णानं टेप पहिल्यापासून ऐकायले लावली. एक कडवं आईचं, मग "एक, दोन, तीन" असा माझाच आवाज. ती घरघर म्हणजे माझं घोरणं. लाल बटण गाणं भरायचं असते म्हणे. मनकर्णा उठून चुलीकडे निघून गेली. ताई, मले फार लाज वाटून राहिली. तुले ती सगळी गाणी येतात, आवाजही आईसारखा आहे. हळदीआधी दोन दिवस ये अन् नव्या कॅसेटीत म्हण. भाऊजींले सांगू नको. जुनीची चिमटी मी अडकित्त्यानं तोडून टाकली.

आणखी एक : जुनी तरी काहून जपली, ते सांगतो. माझं घोरणं संपते, तिथं शेवटी आईचे चार शब्द वाचले आहेत. त्या दिवशी गाणी संपल्यावर ती मले म्हणाली होती, "दमला काय गा रुपराव? बस आता, पाणी पे."

मी बसलो, ताई. पाणीही प्यालो.