सरांचा हिस्सा

सर, काल आमच्या तलावात जाळं ओढलं. यंदाही तुमचा हिस्सा निघाला.

तुम्ही पहिल्यांदा गावात आलात तेही याच दिवसांत. उन्हाळ्यात पाणी गुडघ्यावर आलं की आम्हा ढिवरांची सगळी घरं एकदम तलावात उतरतात. मासोळी काठावर आली की व्यापाऱ्याची जीप कितीही हॉर्न मारत उभी असो, आधी हिस्से पडतात. ज्या घरात वर्षभरात मौत झाली त्या घराचा, जिचा नवरा नाही तिचा, आणि जो गावाच्या कामानं बाहेर आहे त्याचा. उरलेलं मग बाजारात. तुम्ही पाण्याचा नमुना घ्यायला आलेले, पँट दुमडून काठावर उभे होता. आईनं पळसाच्या पानावर एक रोहू तुमच्यापुढं ठेवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी तं जाळ्याले हातही नाई लावला, बाई." आई म्हणाली, "तुमी गावाचं काम करून राह्यले ना, सर. मंग हिस्सा पडते." तो मासा रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून तुम्ही एसटीनं ब्रह्मपुरीला नेलात, पिशवी कॉलेजातच विसरलात आणि दुसऱ्या दिवशी अख्खी प्रयोगशाळा घमघमत होती. शिपाई नाक धरून फिरत होता आणि तुम्ही हसत होता.

मी कॉलेजात तुमच्याकडं शिकायला आले ती काही रसायनशास्त्राच्या प्रेमानं नव्हे. माझी धाकटी बहीण पावसाळ्यात हगवण-ओकारीनं गेली, बैलबंडी दवाखान्याला पोचायच्या आत. पहिल्याच तासाला तुम्ही विचारलंत, इथं कशाला आलात, तर मी सगळ्या वर्गासमोर हेच सांगून टाकलं. तास सुटल्यावर तुम्ही मला राइस मिलच्या मागं नेलंत. तिथं धानाच्या तुसाची राख ढिगानं पडलेली. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतली नोकरी सोडून आलेला माणूस त्या ढिगात हात घालून उभा, बाह्या काळ्या झालेल्या. "हे राख नोहे पोरी, गाळनी हाय," तुम्ही म्हणालात. त्या राखेवर चांदीचे कण बसवायचे, इतके बारीक की "केस उभा चिरत बसली तं जनम जाईन, तरी तितकं बारीक नाई होनार." तेवढ्या बारीक चांदीपुढं पाण्यातले जंतू टिकत नाहीत म्हणे. नॅनो हा शब्द मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला तो कुणाच्या लेकराचं लाडाचं नाव वाटला होता.

आणि तुमचं ते रागावणं! एकदा राखेचा एक घाणा बिघडला होता. मी तपासलाच नाही आणि चांगला आलाय म्हणून सांगून दिलं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "जे डोयानं दिसत नाई ना, त्याच्यात खोटं बोलनं लय सोपं असते. मनून तिथीच खरं बोलाचं." आठवडाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही. पण ते वाक्य मनात बसलं. आज माझ्या वर्गातल्या पोरांना मी तेच ऐकवते, आणि ऐकवताना दर वेळी तुमचा राग येतो.

पहिलं मडकं आमच्या स्वयंपाकघरात लागलं. चुलीपासून दूर, कोपऱ्यात, वरच्या मडक्यात आपली पूड आणि खालच्यात थेंब थेंब पाणी. नवा जावई दाखवावा तसं आई ते आल्यागेल्याला दाखवायची. त्या पावसाळ्यात आमच्या घरात कुणी आजारी पडलं नाही. शेजारच्या बाया लेकरांच्या हाती लोटा देऊन पाठवू लागल्या, आणि आईनं कुणाला रिकामं परत पाठवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तलावाच्या काठावर सगळ्यांदेखत बोललात, "कारखाना निघाला तरी पयले मडके या गावाले." कुणी मागितलं नव्हतं तुमच्याकडून, सर. तुम्ही आपणहून बोललात.

मग एक कंपनी आली. ऊर्जानगरला तुमच्या भावाच्या क्वार्टरमध्ये बैठक बसली. चहा मी केला, आणि दाराशी उभी राहून सगळं ऐकलं. फौजेला पूड हवी होती, जवानांच्या बाटल्यांत घालायला, आणि प्रत्येक बाटलीत सारखीच हवी होती. आपला हातानं केलेला एक घाणा दुसऱ्यासारखा निघत नव्हता. "चिमूटभर करनं अलग, पोतंभर करनं अलग," हे तुम्हीच मला शिकवलेलं, आणि पोतंभर करायची यंत्रं त्यांच्याकडं होती. मला ते पटलंही होतं. मी काही अडाणी नाही. यंत्राशिवाय आपली मडकी पाच गावांपलीकडं गेली नसती. परतताना बसमध्ये तुम्ही म्हणालात, "आधी फौज, मंग गाव. फौजेनं घेतलं तं कारखाना उभा राह्यते, मंग मडके सस्ते होते. दोन वर्सं थांब." थांबले. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, पण मी पानावर बसून राहिले.

त्यानंतर तुम्ही गावात आलात ते पांढऱ्या जीपमधून, कंपनीच्या माणसाला सोबत घेऊन. तुम्ही सही केली होती. पूड कशी करायची ते कुणाला सांगायचं नाही, आणि एकही नमुना बाहेर ठेवायचा नाही. हे मला नंतर कळलं, तुम्हाला मात्र दारात पाय ठेवतानाच माहीत होतं. तुम्ही कोपऱ्यातल्या मडक्याकडं बोट दाखवलंत. आई म्हणाली, "काऊन सर, दुरुस्तीले नेता का?" तुम्ही एकदा माझ्याकडं पाहिलंत. मग म्हणालात, "हो बाई. चांगलं करून आनतो." आईनं अंगणात बसून ते मडकं घासलं, पदरानं पुसलं, वर सुक्या मासोळीची पुडी बांधून दिली. तुम्ही दोन्ही घेतलंत. पुडी तरी ठेवून जायची होती! जीपपाशी मी एवढंच विचारलं, "काऊन सर?" तुम्ही म्हणालात, "समजून घे." काय समजून घेऊ? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, एवढं समजलं. महिन्याभरात तुम्ही शहरात निघून गेलात. त्या पावसाळ्यात शेजारची दोन लेकरं दवाखान्यात नेली. एकच परत आलं.

पुढं मला धानोऱ्याला शाळेत नोकरी लागली. एकदा पोरांना घेऊन नाल्यावर गेले होते, झाडांची पानं गोळा करायला. तिथं जवानांची एक तुकडी थांबलेली. त्यातल्या एकानं गढूळ पाणी बाटलीत भरलं, झाकण फिरवलं आणि सरळ तोंडाला लावलं. मी दचकलेच. मी विचारलं तर हसून म्हणाला, "मॅडम, इसके ढक्कन में कुछ पाउडर है, सब साफ कर देता है." त्यानं बाटली माझ्या हातात दिली. झाकण हलवून पाहिलं आणि आत काळी राख सळसळली. सर, तो आवाज मी कुठंही ओळखीन. बाटलीवर छापलं होतं, विक्रीसाठी नाही. मी विचारलं, कुठं मिळेल? तो म्हणाला, "आपको नहीं मिलेगा." पोरगा भला होता, माझ्या एका पोरीला त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. त्याच्यावर कशाला रागवू? त्यालाही घरी आई असेल, त्यालाही हगवण लागू नये. पण बाकीची पोरं त्याच नाल्यात ओंजळ घालून पाणी पीत होती, आणि तुमची पूड तिथंच, हाताच्या अंतरावर होती.

तुम्ही वारलात ते मला शिक्षकांच्या खोलीत पेपरातून कळलं. फोटो होता. धानाच्या राखेतून जवानांची तहान भागवणारा शास्त्रज्ञ, असं लिहिलं होतं. आमच्या गावाचं नाव नव्हतं, आईच्या मडक्याचं तर नव्हतंच. मला रडू आलं नाही. मी पेपराची घडी घातली आणि तासाला गेले.

गावाला यातलं काही माहीत नाही. त्यांच्या लेखी तुम्ही मडकं चांगलं करायला नेलंय, म्हणजे गावाच्या कामानं बाहेर आहात, म्हणजे हिस्सा पडतो. तो पोचवायचं काम माझं. दरवर्षी ठरवते, यंदा सांगून टाकीन. काल तर पक्कं ठरवून गेले होते. मासेमार संस्थेचा नवा अध्यक्ष, कालपरवापर्यंत नाक पुसत फिरणारा पोरगा, सगळ्यांसमोर म्हणाला, "किती वर्सं देता त्या मास्तरले? हाय तरी कुठी तो?" जाळं आवरणारे हात थांबले आणि सगळे माझ्याकडं पाहू लागले. आई आता वाकलीय, डोळ्यांनाही कमी दिसतं. कल्ल्यात बोट घालून तिनं तो रोहू माझ्यापुढं धरला होता.

मी म्हणाले, "हाय ना. काम चालू हाय सरचं."

आई अध्यक्षाकडं वळली. "आयकलं का? सरनं सांगतलं होतं, चांगलं करून आनतो मनून."

तिच्या हातून मासा घेताना मनात आलं, तुम्हीही त्या दिवशी स्वयंपाकघरात याच बाईसमोर उभे होता, आणि तुम्हालाही खरं बोलता आलं नाही. म्हणून माफ केलं असं समजू नका. तुम्हाला परत यायला इतकी वर्षं होती.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून एक सांगून ठेवते. तुमचा हिस्सा मी कधी कुणाला दिला नाही, पाण्यातही परत सोडला नाही. दरवर्षी मीच खाते, सर. कालचा फार चवदार होता.