तक्ता क्रमांक एक

११ नोव्हेंबर १९६४, शहादे

मुंबईचे विद्वान आले. एक नव्हे, चार! एकाच जीपमधून उतरले आणि चार निरनिराळ्या गोष्टी मागू लागले. डॉक्टरांना अक्राणीतील लोकांचे रक्त हवे आहे. तिकडे काहींच्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या असतात, असा त्यांचा तर्क. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पाने हवीत. वाणिज्याच्या प्राध्यापकांना धडगावच्या बाजारात शेरभर चारोळीच्या बदल्यात मीठ किती मिळते, हे हवे. चौथा सुकलाल — आमच्या लोणखेड्याचा, माझाच विद्यार्थी. त्याला यांपैकी काहीच नको. त्याला फक्त आकडे हवेत. कार्डांना भोके पाडून ते आकडे तो मुंबईच्या गणकयंत्रास खाऊ घालणार.

मी प्रत्येक घरी जाऊन एक तक्ता भरावयाचा. निवृत्त मुख्याध्यापक, बी. ए., वय अठ्ठावन्न, अक्षर सुवाच्य, अन्य उपयोग शून्य — नेमणूक तत्काळ झाली.

सरावासाठी प्रत्येक सहायकाने पहिला तक्ता स्वतःच्या घराचा भरावा, असा नियम. भरला. एकही खाडाखोड नाही. सुकलाल न वाचताच म्हणाला, "सर, छापल्यासारखा!" डॉक्टरांनी सरावासाठी माझेच रक्त घेतले.

१२ नोव्हेंबर

नेमणुकीचे पत्र दाखविण्यासाठी काल स्वयंपाकघरापर्यंत गेलो. पत्नीच्या नियमाप्रमाणे दाराशी चपला काढल्या. मग आठवले. तापी वारली, त्यास चार महिने झाले. चपला पुन्हा घातल्या आणि बैठकीत येऊन पत्र स्वतःसच मोठ्याने वाचून दाखविले. श्रोत्याने दाद दिली नाही.

६ डिसेंबर, धडगाव

विश्रामगृहात एक खोली, एक कंदील, बाहेर थंडी. दुभाषा म्हणून वाहरू मिळाला आहे — जंगलखात्यातील जुना रखवालदार, पावरा, माझ्याच वयाचा. अहिराणी बरी बोलतो.

आज मी एका म्हाताऱ्यास विचारले, "आपल्या कुटुंबात गतवर्षी अन्नधान्याची टंचाई कोणत्या महिन्यांत व कितपत जाणवली, हे कृपया सांगावे." वाहरूने दोन शब्द उच्चारले. म्हातारा अर्धी घटका बोलला. वाहरू मला म्हणाला, "श्रावण."

तापी म्हणत असे, "तुमनं बोलनं म्हंजे कोर्टना कागद शे!" तेहतीस वर्षे मी ती प्रशंसा समजत होतो.

१९ डिसेंबर

आजचा प्रसंग नीट लिहून ठेवला पाहिजे. माझे वर्तन अनुकरणीय होते.

डोंगराच्या कुशीत दिवलीबाईचे घर. पाटलाच्या यादीत घरधन्याचे नाव जालमसिंग. मी प्रश्न विचारण्यापूर्वीच ती वाहरूकडे पाहून काहीतरी बोलली आणि दोघेही हसले. अर्थ विचारला. वाहरू म्हणाला, "ती सांगस, एकनी रगत लिधं, एकनी पालं लिधं, एकनी भाव इचारा. हाऊ चौथा मास्तर मानसं मोजस. पाचवा उना म्हंजे काय लई जाई?"

प्रश्न रास्त आहे. प्रश्नावलीत त्यास स्थान नाही.

माणसे किती, असे विचारताच तिने टोपलीतून मक्याचे दाणे काढून जमिनीवर मांडले. स्वतःचा एक, सासूचा एक, दोन मुलांचे दोन. पाचवा दाणा मात्र तिने उठून उंबरठ्यावर नेऊन ठेवला आणि बाहेरच पाहत उभी राहिली. मी तिच्या कपाळाकडे पाहिले. कुंकू नव्हते. सर्व उमजले. वाहरू तोंड उघडीत होता. मी त्यास हाताने थांबविले. "वाहरू, पुरे." विधवेस असले प्रश्न करू नयेत, एवढी सभ्यता मला आहे.

सूचना क्रमांक सात स्पष्ट आहे : मृत व्यक्तीची गणना करू नये. मी "पाच" हा आकडा लाल शाईने खोडून "चार" केला. जालमसिंगपुढे "मृत" लिहिले. मग उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, माझ्यावरही हाच प्रसंग आलेला आहे." वाहरूने ते सांगितले. दिवलीबाईने माझ्याकडे टक लावून पाहिले आणि ओंजळभर भाजलेला मका माझ्या पदरात — म्हणजे उपरण्यात — घातला.

दुःखच दुःखास ओळखते, ते असे.

८ जानेवारी १९६५

एकूण तक्ते २१४. चुका शून्य. थंडीने बोटे आखडली, अक्षर नाही.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. पूर्वी त्या दिवशी माझ्या सदऱ्याला कडक इस्त्री असे. आज स्वतः केली. सदरा उभा राहू शकेल, इतकी कांजी पडली. मी आत शिरताना त्याची परवानगी घ्यावी लागली.

१४ मार्च, शहादे

होळीपूर्वीचा भोंगऱ्याचा बाजार. चारही विद्वान धडगावला गेले आहेत. डॉक्टर आंब्याखाली टेबल मांडून येईल त्याचे रक्त घेणार. बाहेरगावी मजुरीस गेलेले पुरुष याच सुमारास परततात. मलाही बोलावणे होते. गेलो नाही. शोकाच्या वर्षात सभ्य माणसाने ढोल वाजतात तेथे जाऊ नये.

दिवसभर घरी बसून सभ्यता पाळली. कंटाळा आला.

२ एप्रिल

सर्व तक्ते मुंबईस रवाना. ४१२. पुन्हा लिहितो : चुका शून्य.

२२ एप्रिल

सुकलालचे पत्र, सोबत दुरुस्तीसाठी दोन तक्त्यांच्या प्रती. आरंभी साष्टांग नमस्कार आणि अखेरीस क्षमायाचना — मधल्या मजकुराने मात्र माझ्या तेहतीस वर्षांच्या लाल शाईचा सूड घेतला आहे.

४१२ कार्डांपैकी यंत्राने दोन परत फेकली. दोनच!

पहिले दिवलीबाईच्या घराचे. "सर, जालमसिंग हे मृत आहेत, असे आपण लिहिले आहे. परंतु त्यांनी चौदा मार्चला भोंगऱ्याच्या बाजारात रक्त दिले. यंत्र विचारते की, मृत इसमाने रक्त कसे दिले?"

दुसरे तक्ता क्रमांक एकचे. माझ्याच घराचे. "माणसे दोन लिहिली आहेत. रक्त एकाचेच आहे. सौ. तापीबाई, वय एक्कावन्न, प्रकृती ठीक. त्यांचे रक्त न घेण्याचे कारण लिहावयाचे राहिले. सर, मला काय लिहावे ते कळेना, म्हणून आपल्यालाच विचारतो."

चार वेळा वाचले. प्रत उलटून पाहिली. अक्षर माझेच. सुवाच्य. प्रकृती — ठीक.

म्हणजे जिवंत माणसास मी मारले आणि —

२३ एप्रिल

पत्राचा उरलेला भाग काल लिहिण्याचे धैर्य झाले नाही.

जालमसिंगच्या रक्तात विळ्याच्या पेशी सापडल्या आहेत. बाजारात तो डॉक्टरांना म्हणाला होता की, गुडघे इतके दुखतात की महिन्यातून आठ दिवस उठवत नाही. डॉक्टर चौदा मे रोजी धडगावच्या दवाखान्यात येणार, औषधे आणणार. कोणाकोणास बोलवावयाचे, ती यादी यंत्रच छापणार. आणि दोन्ही कार्डे दुरुस्त होईपर्यंत गठ्ठा पुढे सरकत नाही. "मृतांना बोलावणे धाडण्याची सोय यंत्रात नाही, सर," असे सुकलालने लिहिले आहे. हा विनोद त्याने माझ्याकडूनच उचललेला असावा. मी वर्गात असेच कोरडे बोलत असे.

जालमसिंगचे कार्ड दोन मिनिटांचे काम. "मृत" खोडणे, "चार"चे "पाच" करणे. ते केले.

माझ्या कार्डास चौकट आहे. रक्त न घेण्याचे कारण : १ परगावी, २ नकार, ३ आजारी, ४ मृत. त्यांपैकी एक आकडा भरावयाचा.

उद्या भरतो.

२५ एप्रिल

सुकलालला उत्तराचा मसुदा केला. "कुटुंब या संज्ञेची व्याप्ती" या विषयावर अडीच पाने. त्यात कायदा आणला, व्याकरण आणले, प्राचीन स्मृतींचाही दाखला दिला. वाचून पाहिला. तापी असती, तर म्हणाली असती, "एक आकडा मांगा त्यानी, आनि तुम्ही गाडाभर कागद दीधात!"

फाडला.

२७ एप्रिल

शास्त्रशुद्ध विचार करून पाहिला.

३ आजारी — आषाढात चार दिवस होती. तेव्हा तक्ता नव्हता.
१ परगावी — असत्य.
२ नकार — याचे समर्थन मात्र करता येईल! देवीची लस टोचणारा आला, तेव्हा ती परसातल्या केळीत लपली होती. "माले नही सुई टोचनी, मरी जासू पन नही!" ती हयात असती, तरी तिचे रक्त मिळाले नसतेच. तर्काच्या दृष्टीने २ हे उत्तर निर्दोष आहे.

२ लिहिले. टाक खाली ठेवण्यापूर्वीच खोडले. तक्ता क्रमांक एकमधील पहिली खाडाखोड.

३० एप्रिल

गठ्ठा अडकून आहे. डोंगरावर एक मनुष्य गुडघे धरून बसला आहे, कारण शहाद्यात एका बी. ए. झालेल्या गृहस्थास चार हा आकडा काढता येत नाही. पहिलीतील मुलासही येतो.

३ मे, धडगाव

राहवेना. जीपमधून घाट चढून आलो. वाहरूस घेऊन दिवलीबाईकडे गेलो.

ओसरीत खाटेवर एक तरुण पडला होता, गुडघ्यांना कसलीशी पाने बांधलेली. मी विचारले, "आपणच जालमसिंग काय?" वाहरूने विचारले. तो "हो" म्हणाला. मी म्हणालो, "निश्चित?" हे वाहरूने विचारलेच नाही.

मग मी कबुली दिली. वाहरू ओरडला, "मास्तर, तो ते गुजरातमा ऊस तोडाले गयथा!"

"मग तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्हीच सांगं ना, पुरे म्हनीसन! मंग मी चूप बसनू."

दिवलीबाईस कळले, तेव्हा ती इतकी हसली की तिला दाराचा आधार घ्यावा लागला. जालमसिंगही हसला, आणि हसताना गुडघा हलून कण्हला. मास्तरास असे वाटले तरी का, असे तिने विचारले. मी कुंकवाचे सांगितले. ते वाहरूस इतके हास्यास्पद वाटले की, त्याने भाषांतर करण्याऐवजी स्वतःच उत्तर दिले : "कपाळ दखीसन नवरा मोजतस का, मास्तर? आम्हना बाया कुंकू कधळ लावतस?"

तेहतीस वर्षे मुलांना सांगितले : पाहा, मग लिहा. मी कपाळ पाहिले. माणूस पाहिला नाही.

"आणि तो दाणा उंबरठ्यावर का ठेवला?" मी विचारले.

वाहरूने तिला विचारले, आणि या वेळी तिचे उत्तर न कापता सांगितले. जो घरात नाही, त्याचा दाणा ती आत ठेवीत नाही. मग आतली भाकर कमी पडते. बाहेरही टाकीत नाही. मग तो परका होतो. म्हणून उंबरठा. ही तिच्या आईची पद्धत.

आणखी एक उलगडा झाला. त्या दिवशी मी तिचे सांत्वन केले नव्हते. तिने माझे केले होते. वाहरूने तिला एवढेच सांगितले होते की, मास्तरची बाई वारली. हा म्हातारा परक्या घरात उभा राहून ते का सांगतो, ते तिला कळले नाही. पण रिकाम्या हाताने कसा जाऊ द्यावा, म्हणून मका.

निघताना तिने विचारले, "मास्तरना घरमा किती?" हे ती अहिराणीत बोलली. दुभाष्याची गरज नव्हती.

मी एक बोट वर केले, मग दुसरे. तिने टोपलीतून दोन दाणे उचलले, माझ्या हातावर ठेवले आणि बोटे मिटवून दिली.

४ मे

सकाळच्या जीपने परतलो. डाक निघण्यापूर्वी पोस्टात पोहोचलो. पोस्टमास्तरांच्या टेबलावरच कार्ड ठेवून भरले. माणसे : एक. कारण : ४. लाल शाईने. पोस्टमास्तर म्हणाले, "आकडा जरा मोठा आला, गुरुजी. चौकटीबाहेर गेला."

म्हटले, जाऊ द्या.

१५ मे

वाहरूचा निरोप, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात : काल यादीत जालमसिंगचे नाव सतरावे होते. डॉक्टरांनी तासभर तपासले. हा रोग मुळापासून जात नाही, असे स्पष्ट सांगितले. दुखणे आले की काय करावे व उन्हात किती पाणी प्यावे, तेही सांगितले. दिवलीबाईने डॉक्टरांच्याही घरच्या माणसांचे दाणे मांडविले. ते निघाले पाच. पाचही मुंबईस, म्हणून पाचही उंबरठ्यावर.

सुकलालचे कार्ड : "सर, गठ्ठा पुढे गेला. चूक शून्य." खाली, लहान अक्षरात : "काकूंच्या हातची शेवभाजी मी जेवलो आहे, सर. ते कार्ड मी स्वतः टोचले. यंत्रावर बसणाऱ्या मुलीला दिले नाही."

१६ मे

काल स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर ठेवलेला दाणा आज सकाळी नव्हता. चिमणी असावी. दुसरा ठेवला, आणि चपला न काढता आत जाऊन चहा केला.