धुक्यातली साखळी

बिन महमूद, दोहा
३ जानेवारी २०२५

ती. तन्वीरचाचांस जियादचा सलाम वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र, आणि अब्बा शुद्धलेखन तपासतात म्हणून इतकं नीटनेटकं. रहमानचाचा रत्नागिरीला निघालेत, त्यांच्या हाती देतोय.

आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये कमरेला फिती लटकतात. बॉल घेऊन पळणाऱ्याची फीत ओढली की तो थांबला. मी बचावाचा कॅप्टन. गुरुवारी एक जण निसटला आणि मी, तुम्ही अंगणात कबड्डीत शिकवलात तसा, त्याचा घोटाच धरला. खलास, फाउल. परत असं झालं तर फायनलला बाकावर बसवीन, असं कोच म्हणाले. चाचा, मी सगळीकडे धावतो तरी माणसं सुटतात. अब्बांना विचारलं तर खांदा चोळत विषय बदलतात.

रागवा, पण उत्तर धाडा.
तुमचा जियाद

रत्नागिरी
९ जानेवारी २०२५

चि. जियादास अनेक दुवा.

घोटा वाचून पोट धरून हसलो. दोष माझाच. आता ऐक. पळणाऱ्याचे हात, डोळे फसवतात, कमरेकडे बघ. कंबर वळेल तिकडेच तो जाणार. आणि जागा सोडू नकोस. सगळीकडे धावणारा स्वतःच भगदाड पाडतो. शेजाऱ्याचं काम शेजाऱ्याला करू दे.

हे कुठे शिकलो तेही सांगतो. जिल्ह्याची कबड्डी फायनल, शेवटची चढाई. भाईजान, म्हणजे तुझे अब्बा, कोपऱ्यात, मी शेजारी, साखळीत हात धरलेला. मला टाळ्यांची हाव सुटली. हात सोडून एकटाच झेपावलो. चढाईवाल्याने भाईजानना रेषेपर्यंत फरफटत नेलं, खांदा निखळला. लोक म्हणाले, घामाने हात सुटला. मी सोडला रे. एकतीस वर्षं त्यांना सांगायची छाती झाली नाही. वाच आणि फाडून टाक.

जीव लावून खेळ, आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
तन्वीरचाचा

दोहा
१८ जानेवारी २०२५

ती. चाचांस सलाम वि. वि.

फायनल सकाळी सातला, आणि धुकं इतकं की मैदान कुठे संपतं तेच कळेना. माणसं स्वप्नात येतात तशी येत होती, विरत होती. आम्ही आपापल्या जागेवरून नुसती नावं पुकारत राहिलो. शेवटच्या डावात त्यांचा पळणारा थेट माझ्या अंगावर आला. पाय शिवशिवले. पण कंबर आफताबकडे वळलेली दिसली, आणि मी हललो नाही. फीत आफताबने ओढली. जिंकलो. मी बॉलला हातही लावला नाही, तरी अजून तरंगतोय.

तुमचं पत्र फाडवेना, दडवून ठेवलंय. हेही पत्र अब्बा तपासणार, ते ठाऊक असूनच लिहितो: तुम्ही हात सोडलात, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

चाचींना सलाम, आणि माझ्यावर फार चिडू नका.
जियाद

ता. क. तन्वीर, शुद्धलेखन तपासलं, ठीक आहे. तू हात सोडलास ते मला तेव्हाच कळलं होतं. दुसरं टोक माझ्याच हातात होतं ना. घामाने सुटला, असं लोकांना मीच सांगितलं. ईदला येतोय. तोवर जागा सोडू नकोस.
काशिफ