पायाभूत गटाविरुद्ध आमचं अपील

३ सप्टेंबर, सोमवार. दुपार.
शाळेने सातवीच्या गणिताचे दोन गट पाडले. एक 'प्रगत', दुसरा 'पायाभूत'. कन्या पायाभूत गटात. म्हणजे ढ. शाळा ढ म्हणत नाही, सुशिक्षित लोक आहेत.
जिचा बाप कॉलेजची पायरी न चढता, कोणाच्या हाताखाली उमेदवारी न करता, निव्वळ स्वतःच्या डोक्याच्या जोरावर फोटोफ्रेमचं दुकान चालवतो आणि एका मिलिमीटरची चूक खपवून घेत नाही, तिचा पाया कच्चा! धन्य आहे.
कन्येला विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाली, थोडंसं. दोघी मैत्रिणी प्रगतमध्ये गेल्यात, गणिताच्या तासाला ही एकटी दप्तर उचलून दुसऱ्या खोलीत जाते. मग बराच वेळ खोडरबराचे तुकडे करत बसली. तुकडे सारखे नव्हते, पण आज बोललो नाही.
संकल्प: चिडायचं नाही. मुद्देसूद बोलायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
चिडलो. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये एका बाईंना मुद्देसूद झापलं. त्या गाणं शिकवतात असं शेवटी कळलं. म्हणाल्या, आवाजात दम आहे, सूर मात्र चढा लागलाय. असो. रंगीत तालीम झाली.

५ सप्टेंबर, बुधवार.
अपील लिहिलं. अकरा पानं. माझी बायको नर्स आहे (डायरीला ओळखीची गरज नाही, पण नोंद परिपूर्ण हवी). ती म्हणाली, अहो, अकरा पानं कोण वाचतं, पहिलं आणि शेवटचं वाचतात. मुद्दा पटला. सगळा मजकूर बारीक अक्षरात पहिल्या आणि शेवटच्या पानावर आणला. मधली नऊ पानंही ठेवली. अपिलाला वजन पाहिजे.

१० सप्टेंबर, सोमवार.
मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, भेटलो. आत शिरताच दिसलं की त्यांच्या डोक्यामागची तसबीर डावीकडे झुकली आहे. ज्या ऑफिसात तसबीर सरळ नाही, तिथे निर्णय कसे सरळ असतील? हे मोठ्याने म्हणालो. खिशातली बुडबुड्याची लेव्हल काढून तसबीर सरळ केली. खिळा जुना होता. तसबीर पडली, काच फुटली. फ्रेम माझ्या दुकानची नव्हती, हे लगेच स्पष्ट केलं. काच बसवून देण्याचं कबूल करून आलो. भेट एकंदर सकारात्मक. अपिलाचा विषय मात्र राहिलाच. शिपाई काचा गोळा करत होता, त्यामुळे बोलता आलं नाही.

१२ सप्टेंबर, बुधवार.
आज गणिताच्या बाईंशी समोरासमोर. वय पंचविशीचं. त्यांनी कन्येची गटचाचणीची उत्तरपत्रिका पुढे ठेवली.
प्रश्न: २४० सेंटीमीटरच्या पट्टीचे ६० सेंटीमीटरचे किती तुकडे होतील? कन्येचं उत्तर: तीन, आणि एक थोडा कमी.
मी टेबलावर थाप मारली. हेच बरोबर आहे! प्रत्येक कापाला करवत अडीच मिलिमीटर लाकूड खाते. चौथा तुकडा साडेसात मिलिमीटर कमी भरणार. बाई म्हणाल्या, गणितात करवत दिलेली नाही हो. मी विचारलं, मग कापणार कशाने, दाताने? बाईंनी पान उलटलं. बहुधा पटलं.
पुढचा प्रश्न: एका भिंतीला दोन लिटर रंग, तर पाच भिंतींना किती? कन्या: अकरा. एक लिटर सांडलवंडीला. त्यापुढचा: ताशी चार किलोमीटर वेगाने दोन किलोमीटर चालायला किती वेळ? कन्या: पस्तीस मिनिटं, वाटेत कोणीतरी भेटतंच.
एकेक उत्तर वाचून डोळे भरून आले. मे महिन्याची सगळी सुट्टी पोर माझ्या दुकानात बसली होती. शब्द न् शब्द टिपला आहे.
बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतच नाही, हे कोणी शिकवलं तिला? मी नम्रपणे सांगितलं, मी. बाई म्हणाल्या, हं.
शेवटी येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी फेरपरीक्षा घ्यायचं ठरलं. वीस मार्कांची. अपील निम्मं जिंकलं.

१३ सप्टेंबर, गुरुवार.
शाळेत काच बसवायला गेलो. काच चार मिलिमीटर मोठी निघाली. मुद्दामच तशी कापली होती. मोठी काच लहान करता येते, लहान काच मोठी होत नाही. ती तिथेच लहान करायला गेलो तर दुसरीच रेघ पकडून तडकली. शिपाई झाडू घेऊन आधीच उभा होता. अशी माणसं कामाचा मूड घालवतात.

१५ सप्टेंबर, शनिवार.
फेरपरीक्षेची तयारी स्वतः करून घेतोय. रोज एक तास, दुकानाच्या मागच्या टेबलावर, जिथून घरात जायचं दार आहे. आज कोन. कन्येने विचारलं, बाबा, त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून एकशे ऐंशीच ना? म्हटलं, कागदावर. लाकडात एकशे एकोणऐंशी येतात, उरलेल्या एका अंशाच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. तिने पेन्सिल खाली ठेवली. विचार करत असावी.
बायको ड्युटीवरून आली, तिला अभिमानाने सांगितलं. तर म्हणाली, अहो, वॉर्डात आम्ही इंजेक्शन असं हात राखून भरलं, तर पेशंट डिस्चार्जपर्यंत पोचायचा नाही. काही लोकांना थिअरी आणि प्रॅक्टिकल यातला फरक आयुष्यभर कळत नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार.
कन्या हल्ली पाणी फार पिते. तास चालू असताना दोनदा-तीनदा उठून घरात जाते. पुस्तक घेऊन जाते. परत येते ती बऱ्याच वेळाने, आणि गणित सुटलेलं असतं. चालण्याने डोकं मोकळं होतं, हे मी नेहमीच सांगत आलो आहे.
तिची आई तेव्हा स्वयंपाकघरातच असते, पण तिच्याकडे कुठला वेळ?

२० सप्टेंबर, गुरुवार.
उद्या परीक्षा. कन्येला शेवटचा सल्ला दिला: काहीही झालं तरी हात राखून. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते नीट दिसलं नाही.

२१ सप्टेंबर, शुक्रवार.
शाळेच्या गेटबाहेर उभा राहिलो. गाण्याच्या बाई जाताना ओळखीचं हसल्या. कन्या बाहेर आली. पेपर कसा गेला? सोपा. करवत आली होती का? तिने बुटाची लेस बांधायला घेतली. लेस बांधलेलीच होती.

२५ सप्टेंबर, मंगळवार. सकाळ.
विजय! वीसपैकी एकोणीस! कन्या प्रगत गटात! अपील मंजूर!
दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. एकजण फक्त पत्ता विचारायला आला होता, त्यालाही सांगितलं. गणिताच्या बाईंचा फोन आला. अभिनंदन म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, एक विनंती आहे, यापुढे घरी जरा कमी शिकवा. यशस्वी माणसाचा मत्सर होणारच.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
कन्येला उत्तरपत्रिका दाखवायला सांगितली. पट्टीचा प्रश्न आकडे बदलून पुन्हा आला होता. उत्तर लिहिलंय, पाच. नुसतं पाच. कमी नाही, जास्त नाही.
विचारलं, आणि करवत? ती माझ्याशी अशा आवाजात बोलली, ज्या आवाजात मी चुकीच्या मापाचा फोटो आणणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी बोलतो. म्हणाली, बाबा, त्यांनी करवत दिली नव्हती.
म्हटलं, गेल्या वेळी तर तू तीन लिहिलं होतंस. म्हणाली, तेव्हा मला वाटायचं, तुम्ही सांगता ते सगळीकडेच चालतं.
मी म्हटलं, शाब्बास.
आनंदाने तिने स्वतःच मला चॉकलेट दिलं. अर्धं. उरलेलं अर्धं आईला.

२६ सप्टेंबर, बुधवार.
प्रगत गटाचा पहिला गृहपाठ. टेबल साफ करून, पेन्सिलींना टोक काढून बसलो होतो. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही राहू द्या, मी आईबरोबर बसते. दोघी आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. डिस्टर्ब होऊ नये म्हणून असावं.
दुकानात कामं पडली आहेत. पण त्या दाराची बिजागरी पाहायची बरेच दिवस राहिली होती, म्हणून स्टूल घेऊन बाहेर बसलो. बिजागरी ठीक आहे. बायको समजावून सांगत होती की ऋण संख्येला ऋण संख्येने गुणलं की उत्तर धन येतं. म्हणजे तोट्याला तोट्याने गुणलं की नफा! माझ्या दुकानात असं कधी झालेलं नाही. का होतं ते तिने सांगितलं, पण नेमक्या तेवढ्याच वेळी रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवला. कन्या म्हणाली, अच्छा, असं होय! दोघी हसल्या.
स्टूल दाराच्या थोडं जवळ सरकवलं. कर्र वाजलं.
आतून कन्येने विचारलं, बाहेर कोण आहे?
म्हटलं, कोणी नाही.