मोकळी फरशी

२ फेब्रुवारी, रविवार
अकलोलीला सासुरवाडीला जाऊन आलो. मुलगी पंधरा दिवसांची झाली. नाक माझं, कपाळ माझं. सासूबाईंना ते दिसत नाही, त्यांचा चष्म्याचा नंबर वाढलाय.

सासरे म्हणाले, पावसाळा संपेपर्यंत माय-लेकी इथेच राहू देत. इथे ओटी आहे, अंगण आहे, तुमच्या त्या खोलीत बाळाला ठेवणार कुठे. मी म्हटलं, मामा, मानकोलीच्या गोडाऊनमध्ये मी सुपरवायझर आहे. रोज ट्रकच्या ट्रक माल जागेवर लावतो. एक बाळ लावता येणार नाही? मामांनी माल आणि बाळ यांतला फरक समजावायला घेतला. मी चहा संपवला.

निशा मुलीला घेऊन फाटकापर्यंत आली. म्हणाली, "जागा करा, मी येते. नाही झाली तर मला इथे बरंय."

संकल्प : १४ एप्रिल, जयंतीच्या दिवशी, मुलगी निजामपुऱ्यात आपल्या घरात. नामकरण तिथेच. यात बदल नाही.

३ फेब्रुवारी, दुपार
नाईट करून आलो, झोपलो, उठलो, मोजमाप घेतलं. घरात कोणी नव्हतं. आई अंगणवाडीत मदतनीस, धाकटा भाऊ सुमित मोबाईलच्या दुकानात. शांततेत काम चांगलं होतं.

लोक म्हणतात एक खोली म्हणजे लहान घर. मला पटत नाही. खोली लहान नसते, लेआउट चुकलेला असतो. फरशी मोकळी ठेवायची आणि माल वर चढवायचा, हा गोडाऊनचा पहिला नियम. पिवळी टेप लावून फरशीवर चौकोन आखले (टेप गोडाऊनची, रोल संपतच आला होता). ए-वन पाळणा. ए-टू बाळाचे कपडे. मधून चालायला वाट. एवढं करून खिडकीखालची जागा चक्क शिल्लक राहिली. निशाला फोटो पाठवला.

तिचं उत्तर : "रात्रीचा पाठवा."

रात्री मी ड्युटीवर असतो. शिवाय रात्री फोटो काळा येतो. निशाला फोटोग्राफीतलं फारसं कळत नाही.

९ फेब्रुवारी
टेपला केरसुणी अडकते अशी आईची तक्रार. वरच्या कडीला लुगड्याची झोळी बांधू, तुम्ही दोघं झोळीतच वाढलात, असंही म्हणाली. मी सांगितलं, झोळीत मुलांची वाढ नीट होत नाही, मी व्हिडिओ पाहिलाय. आईने काढलेलं लुगडं परत घडी घालून ठेवलं.

१५ फेब्रुवारी
पाळणा आला. भिंतीला ठोकायचा, वापर झाला की फळीसारखा मिटायचा. एक नंबर वस्तू.

प्रश्न भिंतीचा. एका भिंतीला दार-खिडकी. एका भिंतीला ओटा आणि मोरी. तिसऱ्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांचे फोटो. भिंत म्हणाल तर तीच सगळ्यात चांगली. आई म्हणाली, "फोटो हलणार न्हाय." मी हलवायचं बोललोच नव्हतो, फक्त तिकडे पाहिलं होतं. राहिली मागची भिंत. तिच्या पलीकडे कापडाच्या लूमचा कारखाना. मी स्वतः ड्रिल मारून पाळणा बसवला. मिस्त्री लागत नाही आपल्याला.

१६ फेब्रुवारी
पाच किलो आट्याची पिशवी पाळण्यात ठेवून ट्रायल घेतली. आश्चर्य. लूम चालू असेपर्यंत पाळणा आपोआप झुलतो. हात लावायची गरज नाही. कंपनीने हे खोक्यावर छापलंसुद्धा नाही.

सुमित म्हणाला, दादा, तो झुलत नाही, थरथरतोय. त्याला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

२१ फेब्रुवारी
स्क्रू ढिले झाले. पाळणा दुपारी खाली आला. आत फक्त आटा होता, हे लक्षात घ्यावं.

आईने आटा गोळा केला. मग एवढंच म्हणाली की पोरगी असती तर. मी चिडलो, जेवलो नाही, डबा न घेता ड्युटीवर गेलो. तिथेही तेच डोक्यात. भीती वाटली, खरं तर. पण भीती वेगळी आणि प्लॅन वेगळा. स्क्रू हलक्या प्रतीचे होते. भिंत रद्द. आता चार पायांवर उभा राहणारा, घडी होणारा पाळणा मागवला आहे. भिंतीवर अवलंबून राहायचंच नाही.

२ मार्च
नवा पाळणा आला. उत्तम घडी होते. दिवसा उघडून ए-वनमध्ये ठेवला, अगदी बरोबर बसला. निशाला फोटो. तिचं उत्तर : "छान. रात्रीचा?" विषय बदलला.

सोबत बाबागाडीही मागवली होती, घडी केली की पिशवीएवढी. आट्याची नवी पिशवी घालून गल्लीत फेरी मारली. एका बाजूला रिक्षा, दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे उतरवत होते, मध्ये मी. एक टेम्पोवाला खिडकीतून म्हणाला, "भाई, आटा घुमाने निकले हो क्या?" मी सांगितलं, बच्चे के लिए ट्रायल चालू है. त्याने बच्चा किधर है विचारलं. मी म्हटलं, अकलोली में. त्याने काच वर केली.

पुढे जाता येईना, मागेही जाता येईना. गाडी खांद्यावर टाकून घरी आणली. फायदा : खांद्यावर अजिबात वजन जाणवत नाही. आट्याचं जाणवतं.

१२ मार्च
दाबला की चपटा होणारा टब. पाणी भरल्यावर तो कोणी न दाबताच चपटा झाला. खोलीभर पाणी, पिवळी टेप निघाली, ए-टूतले कपडे भिजले. आई म्हणाली टब कशाला, मी पाय पसरून पायांवर अंघोळ घालते. मी म्हटलं, आई, घरात घडी होणारी वस्तू पाहिजे. तिचे पायही घडी होतात, हे तिने दाखवून दिलं.

सुमित आज मध्येच म्हणाला, दादा, एकदा रात्री घरी राहून बघ. मी विचारलं ड्युटी काय तुझा बाप करणार. मग लक्षात आलं, बाप एकच आहे. विषय तिथेच संपला. सुट्टीच्या रात्रीसुद्धा नाईटच्या सवयीने मला झोप लागत नाही, मी गच्चीवर असतो. माझ्यामुळे कोणाला त्रास नको, हा विचार.

टेप पुन्हा लावली. या वेळी दुहेरी.

२८ मार्च
आनंदाची बातमी. मॅनेजर भूपेश सरांनी डे शिफ्ट दिली. पहिल्या एप्रिलपासून. लग्नाआधीपासून मागत होतो. सर म्हणाले, बाप झालास, रात्रीचा घरी रहा.

आता रोज रात्री मुलगी माझ्या शेजारी. रडली तर मी उठणार, निशाने झोपायचं. हे मी ठरवलंय, निशाला अजून सांगितलं नाही. इतका आनंद झाला की गोडाऊनच्या बाथरूममध्ये जाऊन थोडा नाचलो. तिथे कॅमेरा नाही.

२ एप्रिल, सकाळ
काल पहिला डे. संध्याकाळी घरी आलो, जेवलो, हात धुतले. मागे वळून बघतो तर फरशी नाही.

पहाटे पाणी येतं म्हणून पिंप दारातून आत आलेलं. सुमितची सायकल चोरीला जाऊ नये म्हणून तीही आत. आईची गादी ओट्याला लागून, गुडघ्यांमुळे तिला मोरी जवळ लागते. सुमित ए-वन आणि ए-टू दोन्ही व्यापून आडवा. मी शिल्लक धरलेली खिडकीखालची जागा ही निशाची, तिथे तिची गादी गुंडाळून ठेवलेली. तीही अंथरून पाहिली. मी उशी घेऊन उभा होतो. आई म्हणाली, "तू रातचा घरात असतोस कधी? घर रातचं असंच असतंय."

पाळणा उघडून पाहिला. फक्त सुमितच्या पोटावर बसतो. सुमितने सहकार्य केलं नाही.

माझे पाय सायकलखाली होते, डोकं पिंपाला. निष्कर्ष : प्लॅन बरोबर होता. दिवसाचा होता.

५ एप्रिल
सुमितला बाहेर गॅलरीत झोपायला सांगितलं. तो उशी घेऊन उठलाही. आईने मला विचारलं, घर त्याचं न्हाय का. तो परत आडवा झाला. मी गच्चीवर जाईन म्हटलं, तर मालकाने गच्चीला कुलूप घातलंय, टाकी खराब होते म्हणे. आणि मला गच्चीवर झोपायचंच नाहीये. मला मुलीच्या शेजारी झोपायचंय. डे शिफ्ट कशाला घेतली मग?

पिंप आडवं ठेवता येईल का, याचा अभ्यास चालू.

(नाही येत. पाणी सांडतं.)

११ एप्रिल, सकाळ
काल मामा निशाला आणि बाळाला घेऊन आले. रात्र काढून बघते म्हणाली. मामा गल्लीतल्याच कमळामावशीकडे उतरले.

निशाने पाळणा पाहिला, बाबागाडी पाहिली, टेप पाहिली. हसली नाही. मी म्हटलं, बघ, दिवसा किती मोकळं वाटतं. ती म्हणाली हो, वाटतं.

रात्री ती खिडकीखाली, बाळ तिच्या कुशीत. मी त्यांच्या पायाशी पिंपाला टेकून बसलो. दिवा बंद केल्यावर बाळाचा श्वास ऐकू येत होता. झोप नाही लागली. लागावी असं वाटलंही नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तर सायकल आईच्या अंगावर पडली, बाळ दचकून रडायला लागलं आणि पहाटेपर्यंत कोणीच झोपलं नाही.

सकाळी निशा म्हणाली, "आम्ही चौघं मावतो हो. तुम्ही मावत नाही. मी जाते अकलोलीला, पावसाळा झाला की बघू." रागावून म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. तिचे डोळे भरले होते. खाली मामांनी पिशवी रिक्षात ठेवली होती.

मी थांब म्हटलं. तिच्यासमोर भूपेश सरांना फोन लावला आणि नाईट परत मागितली. सर म्हणाले, विचार कर, आता सोडलीस तर डे पुन्हा मिळायची नाही. मी म्हटलं, सर, विचार झालाय, जागेच्या दृष्टीने निर्णय घेतलाय. फोन ठेवला. सुमित खाली जाऊन पिशवी परत वर घेऊन आला.

नोंद : मला कोणी जा म्हटलेलं नाही. निर्णय सर्वस्वी माझा.

१४ एप्रिल
नामकरण झालं. त्रिसरण-पंचशील, मग खीर. नाव संघरत्ना. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या घरात. मामांना दोनदा सांगितलं की बघा. ते म्हणाले बघितलं. सगळी गल्ली निळी झाली होती. मिरवणूक निघायच्या वेळी मी ड्युटीला निघालो. जिंकलो.

२० जुलै, रविवार, सकाळ
मध्ये लिहिणं राहिलं. कामाचा लोड.

घर अप्रतिम चाललंय. रात्री चौघं व्यवस्थित झोपतात. मी सकाळी येतो तेव्हा निशाची गादी माझ्यासाठी अंथरलेली असते, त्यांची ऊब अजून गेलेली नसते. पाळण्याची घडी दारामागे आहे. घडी खरोखर उत्तम राहते.

दिवसा मला झोप मिळावी म्हणून संघरत्नाला आई अंगणवाडीत नेते, नाहीतर निशा शेजारच्या रूपाकडे घेऊन बसते. संध्याकाळी ती परत येते तेव्हा मी बूट घालत असतो. उत्तम नियोजन. कोणाचा पाय कोणाला लागत नाही.

आज लवकर आलो. रविवारची सुट्टी, म्हणून सुमित अजून घरात होता, संघरत्ना त्याच्या मांडीवर बसून त्याची बोटं चावत होती. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि रडत सुमितच्या गळ्यात तोंड लपवलं. सुमितला अवघडल्यासारखं झालं. निशा म्हणाली, "या वयात मुलं परक्या माणसाला घाबरतात." मग तिच्या लक्षात आलं आणि ती ओट्याकडे वळली.

मी सांगितलं, प्रश्न जागेचा होता आणि तो मी सोडवला आहे. सगळ्यांनी तिला बाहेर नेलं, दार ओढून घेतलं. खोली पूर्ण मोकळी झाली. भिंतीकडे तोंड करून पडलो. रोज नाईट केली की डोळ्यांतून पाणी येतं, गोडाऊनमध्ये सगळ्यांनाच येतं.